मदत हवी आहे: नव्या व्हिनाईल फ्लोअरिंगचा वास जातच नाहीये, घरात रांगणारं बाळ आहे

नमस्कार मंडळी, इथे कोणी केमिस्ट्रीवाले किंवा फ्लोअरिंगचं काम करणारे असतील तर प्लीज सांगा.

बेडरूमची जुनी फरशी खडबडीत होती म्हणून तिच्यावर सिमेंटचा थर देऊन घेतला आणि वर व्हिनाईल शीट गोंदाने चिकटवली, मुलगी रांगायला लागलीये आणि तिला गार फरशीवर सोडायला जीव धजत नव्हता. बरेच आठवडे झाले तरी वास आहेच. सकाळी फारसा जाणवत नाही पण दुपारी खिडकीतून ऊन आलं की शीटचा तेवढा पट्टा तापतो आणि खोलीत पाऊल टाकलं की नव्या रेनकोटची घडी उघडल्यासारखा भपकारा येतो. नवऱ्याचं डोकं दुखतं, माझे डोळे चुरचुरतात. मुलीला तसा काही त्रास दिसत नाही पण ती दिवसभर तिथेच, हात जमिनीवर आणि तोच हात तोंडात, मला रात्री झोप लागत नाही त्या विचाराने.

दुकानदार म्हणतो वास गेला की विषय संपला. पण वाचलं ते वेगळंच. व्हिनाईल शीट ज्या पीव्हीसी प्लॅस्टिकची असते ते मुळात कडक असतं, ते मऊ व्हावं म्हणून त्यात थॅलेट नावाची तेलकट द्रव्यं घालतात आणि ती प्लॅस्टिकला पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे हळूहळू सुटून घरातल्या धुळीत बसतात. काही थॅलेट हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात म्हणून युरोपात जुलै २०२० पासून डीईएचपी धरून चार थॅलेटवर मर्यादा आहे, घरगुती वस्तूंच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये चारही मिळून वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आत. आमच्या शीटमध्ये काय आहे ते पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही.

तर वास गेला की खरंच धोका संपतो का? आणि शीट काढावी की थांबावं?

प्रतिसाद १
ताई, वास आणि थॅलेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थॅलेटला जवळजवळ वास नसतो. वास येतो तो गोंद, शीटवरच्या छपाईची शाई यांतल्या पटकन उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटचा, आणि तो हवा खेळती ठेवली की दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. थॅलेट मात्र वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं, उष्णतेने जास्त. म्हणजे दुकानदाराचं म्हणणं चूक, पण वास येतोय म्हणून बाळाला विषबाधा होतेय असंही नाही, घाबरू नका. रोज ओल्या फडक्याने पुसा (कोरडा झाडू नको, धूळ उडते), बाळाचे हात खाण्याआधी धुवा, उन्हाच्या वेळी पडदा ओढा. रूम फ्रेशनर अजिबात मारू नका, त्याने हवेत आणखी केमिकलची भर पडते.

प्रतिसाद २
मी फ्लोअरिंगचंच काम करतो. इतके आठवडे वास टिकलाय म्हणून मला शंका वेगळीच येतेय. सिमेंटचा थर पूर्ण सुकला होता का? ओल्या सिमेंटमध्ये चुन्यासारखा तीव्र अल्कली असतो, तो वरच्या गोंदाला आणि शीटमधल्या थॅलेटला फोडतो आणि त्यातून २-इथाइलहेक्सानॉल नावाचं अल्कोहोल तयार होतं, उग्र वासाचं, डोळ्यांना आणि नाकाला झोंबणारं. असं असेल तर खिडक्या कितीही उघडा, ओल आहे तोवर ते बनतच राहणार. एक कोपरा उचलून बघा.

धागाकर्ती
दादा, आत्ताच बाथरूमच्या बाजूचा कोपरा उचलला. खाली सिमेंट काळपट ओलसर आहे, गोंद अजून च्युइंगगमसारखा ताणला जातोय आणि जो वास आला ना, डोळ्यांत पाणीच आलं!! कंत्राटदार दुसऱ्याच दिवशी "सुकलं" म्हणाला होता. बाळाला लगेच दुसऱ्या खोलीत हलवलंय. आता पूर्ण शीट काढायची का फक्त तेवढा भाग?

प्रतिसाद २
पूर्ण काढा, आणि गोंदही खरवडून टाका, तो राहिला तर वास राहतो. बाथरूमकडून पाणी झिरपतंय का ते आधी तपासा. सिमेंट किती सुकलंय ते ओलावा मोजायच्या मीटरने बघून घ्या, हात लावून कळत नाही. तोवर बाळाला धुता येईल अशी जाड सुती चादर अंथरा.

धागाकर्ती
उद्याच माणूस बोलावते. आणि हो, तिची प्लॅस्टिकची छोटी खुर्ची आहे, खाली त्रिकोणात ५ लिहिलंय, तीपण काढू का?

प्रतिसाद १
नाही ताई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात थॅलेट घालावं लागत नाही. ३ दिसलं तर ते पीव्हीसी, मऊ असेल तर बाळापासून लांब ठेवा. डोळ्यांची चुरचुर खोली बदलूनही थांबली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.