होळी ते रंगपंचमी, घरात लहान मूल : तुमचे अनुभव लिहा

गेल्या धुळवडीला लेक अडीच वर्षांची होती. आमच्या बावधनच्या सोसायटीत मित्रांनी मला पार जांभळा-चंदेरी करून टाकलं. वर आलो, दार उघडलं, तिनं एकदा पाहिलं आणि किंचाळत आजीच्या पदराआड. "हा नको, बाबा पाहिजे!" मी बोललो तर आणखीच रडली. आवाज बाबाचा आणि तोंड भलत्याचंच! शेवटी आईनं तिचा हात धरून माझ्या कानामागं नेला. तिथं रंग पोचला नव्हता, आणि झोपताना ती माझ्या कानाच्या पाळीशीच चाळा करत असते. तेव्हा कुठं हुंदके थांबले. चंदेरी जायला चार दिवस लागले, तोवर पापा बंद.

यंदा काय करावं कळत नाही. घरात ठेवलं तर सणच गेला, खाली न्यावं तर डीजे आणि पाण्याचे पाइप. दोन ते सात वर्षांच्या पोरांबरोबर तुमच्याकडं हे दिवस कसे जातात? फसलेलंही लिहा. उपदेश आवरता घ्या, किस्से येऊ द्या.

शनिवार पेठेतली आजी

तुम्ही सगळं एका दिवसात कोंबलंय, पोरं घाबरतील नाहीतर काय! आमच्या वाड्यात पौर्णिमेला होळी, दुसऱ्या दिवशी राख, आणि रंग थेट वद्य पंचमीला. मधले दिवस पोरं पिचकाऱ्या धूत बसायची, रंग कधी, रंग कधी म्हणून डोकं खायची. ज्याची इतकी वाट बघितली त्याला कोण भितंय? सुट्टी धुळवडीला, म्हणून रंगही तिकडंच सरकला. असो, माझी तक्रार नाही. (आहे, पण कुणी ऐकत नाही.)

चार वर्षांच्या नातवाला दरवर्षी मंडईतून टिमकी आणते. सकाळी सातला वाजायला लागते. सूनबाई चकार शब्द काढत नाही, पण संध्याकाळपर्यंत टिमकी फुटलेली असते. कुणी फोडली, हे आमच्यात विचारायचं नाही. उलटा हात तोंडावर मारून बोंब कशी ठोकायची तेही मीच शिकवलं. "शाळेत मारली तर?" मुलगा म्हणाला. मारली. बाईंचा फोन आला.

आणि नारळ मात्र होळीतलाच द्या. निखाऱ्यातून काठीनं ओढून काढायचा, करवंटी कोळसा झालेली, खोबऱ्याला धुराचा वास. पुरणपोळीला नाक मुरडणारं पोर तेवढं खोबरं मागून खातं.

वारजे, मुलगे ५ आणि ८ वर्षांचे

आम्ही रंग घरी करतो. हौस नव्हे, धाकट्याच्या अंगावर बाजारच्या रंगानं पुरळ उठलं म्हणून. फेब्रुवारी सरताना मुळशीकडं गेलो की रस्त्याकडेला पळस पेटलेला असतो. नियम एकच: झाडावरचं फूल तोडायचं नाही, खाली पडलेलीच वेचायची. घरी आणून फुलांच्या बुडाची काळपट मखमली टोपी काढायची, हे काम मुलं मटार सोलल्यासारखं करतात. मग पातेल्यात उकळून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी केशरी पाणी तयार. दोनदा गाळा! पहिल्या वर्षी आळस केला आणि दोन्ही पिचकाऱ्या तुंबल्या.

कोरड्या रंगाला मक्याच्या पिठात हळद. गुलाबीला बीट किसून, रस पिळून, तो त्याच पिठात चोळून वाळवायचा. आमचा पहिला डबा ओलसर राहिला, पाचव्या दिवशी उघडला तर बुरशी.

पण खरी मजा धुताना आली. हळदीनं पिवळ्या झालेल्या सदऱ्याला साबण लावला, तर डाग लालभडक! धाकटा "रक्त, रक्त" म्हणून ओरडला. थोरल्याला मी लिंबाची फोड दिली, त्यानं पिळल्यावर पुन्हा पिवळा. झालं! साबण, लिंबू, साबण, लिंबू, सगळी दुपार मोरीत. वर्षभर दोघं तेवढंच सांगत होते, पळस बिचारा विसरला गेला. सदरा उन्हात टाका, हळद उन्हानं उडते.

धनकवडीची आई

आमच्या मुलाची पहिली होळी ९ मार्च २०२०. तेव्हा तो दीड महिन्याचा. पांढरं झबलं, गळ्यात साखरगाठी, सासरे नारळ घेऊन दारात उभे. तेवढ्यात पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडल्याची बातमी फोनवर आली. सासूबाईंनी नारळ काढून घेतला आणि दाराला कडी. गॅलरीतून नुसता धूर दिसला. २०२१ लाही सार्वजनिक होळीला बंदीच.

त्यामुळं त्यानं होळी जवळून बघितली ती २०२२ ला, दोन वर्षांचा असताना. तोवर पेटलेलं काही पाहिलं होतं ते वाढदिवसाच्या मेणबत्त्यांपुरतं. गोवऱ्या पेटल्या, एरंडाची फांदी वाकली, सगळे हात जोडून उभे, आणि हा पठ्ठ्या गाल फुगवून फुंकर मारायला लागला! विझेना म्हणून चिडला, मला म्हणाला, "आई, तू पण मार." मारली मी. आता आमच्या इमारतीतली सगळी बारकी पोरं प्रदक्षिणा झाल्यावर एकेक फुंकर मारतात. अर्थात चांगली दहा पावलं लांबून.

कोथरूड, डोळ्यांची डॉक्टर

उपदेश नको म्हणालात, तरी एवढं वाचा. डोळ्यात रंग गेला तर चोळू देऊ नका. साध्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. गुलाबपाणी, दूध, कपाटातले जुने ड्रॉप्स यातलं काहीही घालायचं नाही. लाली उतरत नसेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. पाण्याचा फुगा डोळ्यावर बसला असेल तर वरून काही दिसलं नाही तरी दाखवाच.

माझी मुलगी गॉगल लावून खेळते. संध्याकाळी सगळं तोंड हिरवं आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. भाऊ तिला उलटी पांडा म्हणतो.

हडपसर, गाव रत्नागिरीकडं

आम्ही रजा टाकून शिमग्याला गावी जातो, रंगाचा प्रश्नच मिटतो. पालखी खांद्यावर नाचवतात तेव्हा पाच वर्षांच्या लेकीनं विचारलं, "देवाला गरगरत नाही का?" माझे वडील म्हणाले, "वर्षाचा घराबाहेर पडलाय तो, करू दे मजा." तिचं समाधान झालं. तिनं घरी येऊन बाहुली पाटावर बसवून इतकी नाचवली की बाहुलीचा हातच निखळला.

बावधन, धागा काढणारा

आजी, वारजेच्या ताई, सगळ्यांचं वाचलं. काल बीट किसलं. रसाची वाटी लेकीच्या हातात दिली आणि आरशासमोर मांडी घालून बसलो. आधी तिनं फक्त नाकाला बोट लावलं. मागं सरकून बघितलं, मग माझा कान चाचपला. आहे तिथंच! मग एक गाल. पुन्हा कान. मग दुसरा गाल. अर्ध्या तासात माझी दाढी, बनियन आणि आरसा गुलाबी. स्वतःला मात्र एक थेंब लावू दिला नाही.

ताई, उरलेला रस पिठात चोळून बाल्कनीत वाळत घातलाय, ताटाला मुंग्या लागल्यात. आत घेऊ का?