मदत हवी आहे: लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, पाकीट यांसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

नमस्कार मंडळी. लहान व्यवसायासाठी हा संच करायचा आहे. मजकूर मराठी आणि इंग्रजी. कार्डं, पाकिटं आणि थोडी लेटरहेड ऑफसेटवर (छापखान्यातल्या प्लेटच्या छपाईवर) छापायची आहेत, बाकी पत्रं पीडीएफ करून ईमेलने जातील. लोगो एसव्हीजी या वेक्टर चित्र-फाइलमध्ये तयार आहे, इंकस्केप हे मोफत चित्रांचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं. तेवढ्यात भागेल की विकतचं कोरलड्रॉ घ्यावं?

अक्षरजुळणी:
एकट्या इंकस्केपवर भागणार नाही, पण कोरलही विकत घ्यायला नको. लोगो इंकस्केपमध्येच राहू द्या, कार्ड आणि पाकीट स्क्रायबस या मोफत पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडा. कारण सरळ आहे: इंकस्केप 1.4 पर्यंत तरी पीडीएफ आरजीबीतच (पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा रंग) देतं, आणि छपाई होते सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी अशा चार शाया). रूपांतर छापखान्यात झालं की झगझगीत निळा जांभळट होऊन येतो आणि तुम्हाला तो छापल्यावरच दिसतो.

स्क्रायबस 1.6 किंवा त्यापुढचंच घ्या. 1.4 मध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. 'कार्यालय', 'ज्येष्ठ', 'ऱ्हस्व' टाइप करून बघा, लगेच कळेल. फॉन्ट युनिकोडच हवा.

कार्डाचं माप आधी छापखान्याला विचारा, 85×55 मिमी आणि 89×51 मिमी दोन्ही चालतात. चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), म्हणजे 85×55 च्या कार्डाची पार्श्वभूमी 91×61 पर्यंत न्यायची. मजकूर कडेपासून 4-5 मिमी आत. कटिंग थोडं सरकतंच, त्यामुळे कडेलगत बारीक चौकट काढू नका, एका बाजूला जाड दिसेल.

धागाकर्ता:
आभार. लोगोत काळा रंग आहे. तो स्क्रायबसमध्ये आणताना काही करावं लागतं?

शाईचा डबा:
हो, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एसव्हीजीतला काळा आरजीबी असतो, सीएमवायकेत जाताना तो चार शायांचा होतो. मोठ्या लोगोत खपतं, पण 7 पॉइंटच्या पत्त्यात एखाद्या शाईची प्लेट केसभर हलली तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. स्क्रायबसच्या रंगांच्या यादीत 'फ्रॉमएसव्हीजी' असं नाव लागलेला रंग शोधा, तो सीएमवायके करून फक्त के (काळी शाई) 100 ठेवा, बाकी तिन्ही शून्य. मग प्रिंट प्रिव्ह्यूत काळी प्लेट बंद करा. अक्षरं पूर्ण नाहीशी झाली पाहिजेत, पुसट उरली तर रंग अजून मिश्र आहे.

छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार, पीडीएफ एक्स-1ए, काढा. स्क्रायबसमध्ये कलर मॅनेजमेंट चालू केल्याशिवाय तो पर्याय मिळत नाही. छापखाना सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) मागत असेल तरी आधी पीडीएफ चालतं का विचारा, बहुतेक ठिकाणी चालतं.

अक्षरजुळणी:
लेटरहेडचं राहिलं. रोजची पत्रं लिब्रेऑफिस रायटरमध्ये करा, दोन टेम्पलेट ठेवा: ईमेलसाठी हेडरमध्ये लोगो असलेलं, आणि छापील कागदासाठी वर तेवढीच जागा कोरी सोडलेलं. पहिल्या पानाला 'फर्स्ट पेज' शैली लावा, म्हणजे दुसऱ्या पानावर मोठा लोगो येणार नाही. ए4 ला दोन घड्या घालून तीन सारखे भाग केले की 99 मिमी पट्टी होते, ती 110×220 मिमीच्या डीएल मापाच्या पाकिटात नीट बसते. छापील लेटरहेड पुढे लेझर प्रिंटरमधून जाणार असेल तर ते छापखान्याला आधीच सांगा. शाई पुरती वाळलेली नसेल तर फ्यूजरच्या (प्रिंटरमधल्या तापणाऱ्या भागाच्या) उष्णतेने ती रोलरला चिकटते.