जीएम (जनुकीय बदल केलेल्या) वाणाच्या मंजुरीआधी हरकत कुठे आणि कशी नोंदवायची?

काळी_माती: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला जीएम वाणाच्या व्यावसायिक परवानगीआधी आपलं म्हणणं मांडायचं आहे. कोणत्या टप्प्यावर मांडता येतं? जनसुनावणी कायद्यानेच बंधनकारक आहे ना?

तिफण: नाही, इथेच बहुतेकांची गफलत होते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत जनसुनावणीची तरतूदच नाही. बीटी वांग्यासाठी (किडीला प्रतिकार करणारं जीएम वांगं) तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २०१० मध्ये नागपूरसह सात शहरांत सभा घेतल्या, पण त्या मंत्र्यांच्या मर्जीने, आणि त्याही जीईएसीने (जीएम वाणांना मंजुरी देणारी केंद्राची समिती) ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवल्यानंतर. ९ फेब्रुवारीला स्थगिती आली. तो पायंडा झाला, नियम नव्हे. पत्रात आधार द्यायचाच तर कार्टाजेना प्रोटोकॉल या जैवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचं २३ वं कलम द्या. त्यात निर्णयप्रक्रियेत लोकांचा सल्ला घ्यावा असं म्हटलंय आणि भारत त्याचा सदस्य आहे.

बांधावरून: दिल्लीच्या आधी एक दार आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. शेतातल्या चाचण्या दोन पायऱ्यांत होतात, त्यांना बीआरएल (जैवसुरक्षा संशोधन पातळी) म्हणतात: बीआरएल-१ मध्ये एका ठिकाणी एक एकरापर्यंत, बीआरएल-२ मध्ये अडीच एकरांपर्यंत. २०११ पासून त्यासाठी राज्याचं ना-हरकत पत्र लागतं. कृषी विभागाला निवेदन तेव्हाच द्या. चाचण्या उरकून फाइल जीईएसीकडे गेली की राज्याच्या हातात फारसं उरत नाही.

काळी_माती: आणि वाणाच्या सुरक्षिततेच्या अहवालाचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला तर?

तिफण: मोहरीच्या डीएमएच-११ या जीएम संकरित वाणावेळी ५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०१६, म्हणजे जेमतेम महिना मिळाला. सुरक्षिततेचा अहवाल वेबसाइटवर होता, पण पूर्ण कागदपत्रं पाहायला दिल्लीत मंत्रालयात जावं लागे. म्हणून मसुदा निघाल्या दिवशीच कागद पाहण्याची वेळ मागा, नाहीतर निम्मी मुदत त्यातच जाते.

हरकतीत आधी पान आणि तक्ता क्रमांक, मग त्रुटी, मग कोणती चाचणी हवी ते. ‘जीएम नकोच’ या एका ओळीवर तज्ज्ञाला उत्तर द्यावं लागत नाही, पण ‘तुलनेला जुनं वाण घेतलंय, आजचे संकरित वाण का नाहीत?’ यावर द्यावं लागतं. हजार सह्यांचं पत्र असलं तरी मुद्दा एकच.

बांधावरून: दोन गोष्टी हटकून तपासा. एक, मधमाश्या: मोहरीत परागीभवनाचा प्रश्न थेट येतो, तरी डीएमएच-११ च्या २०२२ मधल्या मंजुरीत मधमाश्यांवरच्या परिणामाचा अभ्यास लागवडीनंतरवर ढकलला गेला. दुसरी, या मोहरीतलं ‘बार’ जनुक. त्यामुळे झाड ग्लुफोसिनेट हे तणनाशक सहन करतं. मंजुरीत हे तणनाशक फक्त संकरित बियाणं तयार करताना वापरायला मुभा आहे, शेतकऱ्याच्या रानात नाही. ती अट रानात कोण तपासणार, हे लेखी विचारा. विदर्भात बेकायदा एचटीबीटी (तणनाशक सहन करणारा) कापूस कसा पसरला ते पाहिलंय, तेव्हा हा प्रश्न कुणाला फालतू म्हणता येणार नाही.

तिफण: शिवाय २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात मोहरीच्या मंजुरीवर दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं, पण राज्यं आणि शेतकरी प्रतिनिधींशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखा, यावर दोघांचं एकमत होतं. पत्रात हाही संदर्भ घाला आणि पोचपावती जपून ठेवा.