जुनी ट्रॅव्हलर घेऊन कॅम्परव्हॅन करावी का? (नागपूर)

मनीषनगरवासी:

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून येत्या फेब्रुवारीअखेर निवृत्त होत आहे. पत्नी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाली आहे. मुले पुण्यात स्थिरावली आहेत. त्यामुळे वर्षातले चार-पाच महिने गाडीतच मुक्काम करत हिंडावे, असे आम्ही दोघांनी मनावर घेतले आहे. पहिल्या वर्षी चिखलदरा, लोणार, शेगाव आणि पचमढी अशी जवळची ठिकाणे करावीत आणि हात बसला की नर्मदेच्या काठाने अमरकंटकपर्यंत जावे, असा विचार आहे.

बुटीबोरीत कामगारांची ने-आण करणाऱ्या एका ठेकेदाराकडे २०१७ची तेरा आसनी फोर्स ट्रॅव्हलर विकायला आहे. गाडी पिवळ्या पाटीची आहे आणि तो सव्वासहा लाख मागतो. ओळखीचा सुतार महिन्याभरात पलंग, ओटा आणि कपाटे करून देतो म्हणतो. एकूण साडेबारा लाखांपर्यंत आमची तयारी आहे.

माझ्या शंका तीन आहेत. आसने काढून असे फर्निचर बसवले तर कागदोपत्री काय करावे लागते? नागपूरच्या उन्हात अशा पत्र्याच्या गाडीत झोपता येते का? आणि साठीच्या दोन माणसांना, त्यात पत्नीच्या गुडघ्यांचे दुखणे असताना, हे राहणे खरोखर झेपते का? ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाडीनाका:

गुरुजी, नमस्कार. मी वाडीत बसगाड्यांच्या बॉडीचे काम गेली अठरा वर्षे करतो. सुताराला बोलावण्याआधी आरटीओ कार्यालयात जाऊन या, हे माझे पहिले सांगणे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आहे. तेरा आसने काढून पलंग आणि ओटा बसवला की आसनक्षमता बदलते, वाहनाचा वर्ग बदलतो आणि रिकाम्या गाडीचे वजनही बदलते. म्हणजे आरसीवरच्या तीन नोंदी चुकीच्या ठरतात.

याचा अर्थ हे करता येतच नाही असा नव्हे. केंद्र सरकारच्या वाहनवर्गांच्या यादीत खासगी वापराची कॅम्परव्हॅन हा बिगर-परिवहन गटातला स्वतंत्र वर्ग आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा, या चार गोष्टी गाडीत पक्क्या बसवलेल्या असल्या की तिला मोटार कॅराव्हॅन म्हणतात (टेबल तेवढे काढता-घालता आले तरी चालते). अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. म्हणून ज्याने पूर्वी अशा गाड्या पासिंग करून घेतल्या आहेत अशाच बॉडीवाल्याकडे जा, त्याच्याकडून नकाशा काढून घ्या, लेखी परवानगी मिळू द्या आणि मगच पत्र्याला पहिले भोक पाडा. गेल्या वर्षी एक गृहस्थ संपूर्ण तयार गाडी घेऊन माझ्याकडे आले होते. सुताराने काम सुबक केले होते, पण परवानगी कशाचीच नव्हती. पुढे एका किरकोळ अपघातानंतर विमा कंपनीने फेरबदलाकडे बोट दाखवून दावा फेटाळला. ते नवे कोरे फर्निचर माझ्या माणसांना पहारीने उचकटावे लागले, आणि ते गृहस्थ शेजारी उभे राहून बघत होते. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पिवळी पाटी पांढरी करणे, म्हणजे धंद्याची गाडी खासगी करून घेणे, हे वेगळे काम आहे. परमिट जमा करणे, थकलेला कर आणि चालान भरणे, कर्ज असेल तर आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५, मग नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, हे सारे विकणाऱ्याकडून सौद्यातच ठरवून घ्या. पूर्ण पैसे एकदम हातात पडले की ठेकेदार फोन उचलत नाहीत, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव आहे.

गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक आणि हातात टॉर्च असू द्या. चाकांवरच्या कमानींना, दरवाज्यांच्या खालच्या पट्टीला आणि छताच्या कडेला चुंबक लावून पाहा. जिथे तो धरत नाही तिथे गंजावर जाड पुट्टी भरलेली असते. खालचे रबरी मॅटिंग एका कोपऱ्यातून उचलायला लावा. कामगारांच्या गाडीत ओल्या चपलांचे पाणी वर्षानुवर्षे त्याखाली मुरलेले असते. मग गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊन छताच्या सांध्यांवर जोराचे पाणी मारायला सांगा आणि त्या वेळी तुम्ही आत बसा. जे गळायचे ते तिथेच गळेल.

वजनाचेही आधीच बोलतो. अठरा मिलिमीटरच्या आठ बाय चार फुटी प्लायचा एक बोर्ड साधारण पस्तीस किलोंचा असतो, आणि घरातल्या कपाटांचा सराव असलेला सुतार त्याहून पातळ प्लाय हातात धरत नाही. असे दहा बोर्ड, शंभर लिटर पाणी, बॅटरी, सिलिंडर, दोन माणसे आणि त्यांचे कपडे धरले की आठशे किलो कुठे जातात कळत नाही. नऊ आणि बारा मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय वापरा आणि सांगाडा चौकोनी पाइपचा करा. काम अर्धे झाले की धर्मकाट्यावर एकदा वजन करा आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा.

खिंडसीकाठ:

गुरुजी, आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याइतके दिवस मी आणि माझे यजमान गाडीत राहिलो आहोत. आमचे घर रामटेकजवळ आहे. आमची गाडी ट्रॅव्हलरपेक्षा थोडी लहान आहे आणि आम्ही तिच्यात सलग दोन हिवाळे काढले.

उन्हाचे आधी सांगते. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत विदर्भात गाडीत राहू नये, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर गाडी सावलीला लावून आपण घरात राहावे. दिवसभर तापलेली गाडी रात्री उशिरापर्यंत आतून गरमच राहते. होळीनंतर आठ-पंधरा दिवसांत डोंगरावर निघून जायचे किंवा घरी परतायचे, असे आम्ही ठरवून टाकले आहे. मार्च आणि ऑक्टोबर मात्र नीट काढता येतात, त्यासाठी छतावर खर्च करा. छताच्या आतून उष्णता अडवणारी नायट्राइल रबरची शीट चिकटवून घ्या. काचलोकर लावू नका, कारण ती ओल धरते आणि हादऱ्यांनी खाली बसते. छत पांढरेच असू द्या. सोलर पॅनल छताला चिकटवून न लावता दोन-तीन इंच वर उचलून बसवले की त्याची सावली छताला मिळते आणि मधून हवा खेळते. छतात एक बाहेर हवा फेकणारा पंखा आणि समोरची खिडकी उघडी, एवढ्यावर आमच्या मार्चच्या रात्री गेल्या. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा लहान कूलरही उपयोगी पडतो, पण तो पाणी फार पितो आणि खिडकी बंद ठेवली की आत नुसता दमटपणा भरतो.

आता राहण्याचे. ताई गुडघ्यांनी त्रस्त आहेत, म्हणून पलंगाची उंची जमिनीपासून अठरा-एकोणीस इंचांच्या वर जाऊ देऊ नका. खाली जास्त सामान मावावे म्हणून सुतार पलंग छातीइतका उंच करायला बघतात आणि मग रात्री उठताना रोज शिडी चढल्यासारखे होते. दाराला आणखी एक रुंद पायरी आणि आतल्या बाजूला धरायचा दांडा आवश्यक आहे. शौचालयाबाबत संकोच न करता लिहिते: पहिल्या प्रवासात आम्ही ते घेतले नव्हते आणि ती आमची सर्वांत मोठी चूक ठरली. रात्री तीन वाजता पंपाच्या मागच्या अंधारात जाणे या वयात सुरक्षित नाही. डबा वेगळा काढून रिकामा करता येतो असे सुटे शौचालय पलंगाखाली सरकवून ठेवता येते. आंघोळीचे मात्र आम्ही गाडीत कधीच जमवले नाही आणि त्याची उणीवही भासली नाही. भक्तनिवास, धर्मशाळा किंवा पर्यटन महामंडळाचे निवास यांपैकी काही ना काही एका दिवसाआड मिळत गेले.

हिवाळ्यात आम्हाला न सुचलेली अडचण निघाली ती ओलीची. चिखलदऱ्याला डिसेंबरमध्ये दोघांच्या श्वासाने काचा आतून ठिबकत होत्या, आणि आठव्या दिवशी गादी उचलली तर खालच्या प्लायवर काळी बुरशी. तेव्हापासून आमचा पलंग पट्ट्यांचा आहे, आणि थंडीतही एक खिडकी बोटभर उघडी असते. शेगडी पेटवताना तर दार उघडेच हवे. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक ठेवा, कारण गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो. थंडी वाजते म्हणून आत निखारे कधीही ठेवू नका.

आणखी एक लहानशी वाटणारी गोष्ट. आमचा ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटरी, तिन्ही डाव्या बाजूला आली होती. सपाट जागी गाडी उभी केली तरी पातेल्यातले दूध एका कडेला बोटभर जास्त चढलेले दिसायचे, आणि मी महिनाभर शेगडीलाच दोष देत राहिले. शेवटी धर्मकाट्यावर एकाच बाजूची चाके चढवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा कारण कळले. टाकी उजवीकडे न्यायला सगळे पुन्हा उघडावे लागले.

मुक्कामाच्या जागेबद्दल एवढेच की, जंगलाच्या हद्दीत रस्त्याकडेला रात्र काढू नका, मग ते पेंच असो की ताडोबा. महामार्गावर मोठ्या पंपावर डिझेल भरून व्यवस्थापकाला विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. अंधार पडायच्या तासभर आधी जागा ठरलेली असावी, हा नियम आम्ही एकदाच मोडला.

मनीषनगरवासी:

भाऊ, ताई, आपण दोघांनी इतके मनापासून लिहिलेत, आभार कसे मानावेत कळत नाही. पत्नीने दोन्ही उत्तरे वाचली आणि शौचालयाचा मुद्दा आता वादाचा राहिलेला नाही. एक शंका उरते. ती म्हणते, एसी बसवला तर एप्रिलही काढता येईल. सोलरवर एसी चालतो का? तिच्या औषधांसाठी फ्रिज मात्र लागणारच आहे.

हिंगणा टी-पॉइंट:

गुरुजी, विजेचा हिशेब युनिटांत मांडला की उत्तर आपोआप मिळते. बारा व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण युनिट घेईल, आणि पंखे, दिवे, मोबाइल मिळून आणखी अर्धा. छतावर तीनशे वॅटचे पॅनल असेल तर नागपुरात चांगल्या दिवशी सव्वा युनिटाच्या आसपास मिळते, म्हणजे एवढा संसार निभावतो. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असे मात्र समजू नका. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनलची क्षमता सुमारे ०.४ टक्के घटते, आणि छतावरचे पॅनल पासष्ट अंशांपर्यंत तापले तर सहावा हिस्सा तिथेच जातो.

एसीसाठी रात्रीचे आठ तास धरा. लहान एसी आठशे वॅटचा, त्याचा कॉम्प्रेसर अर्धाच वेळ चालला तरी तीन युनिटांवर जातो, आणि २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत एकूण अडीच युनिटच मावतात. म्हणजे एसी फक्त बाहेरून वीज घेतली तरच चालेल. त्यासाठी बाहेरून जोडता येणारा १५ अँपिअरचा सॉकेट आणि सोबत ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. इंडक्शनचाही मोह टाळा, कारण दोन हजार वॅट बारा व्होल्टवर ओढायचे तर दीडशे अँपिअरच्या पुढे प्रवाह जातो आणि तेवढी जाड तार सहसा कोणी टाकत नाही. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. गाडीत लागलेल्या आगींचे मूळ अनेकदा पत्र्याच्या धारेवर घासलेल्या बिनफ्यूजच्या तारेत असते. म्हणून पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (तार घासू नये म्हणून बसवायचे कडे) घाला आणि ते स्वतः मोजा. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, तेव्हा ती छताजवळच्या कपाटात न ठेवता आसनाखाली हवेशीर जागी ठेवा. प्रवासात इंजिनवरून चार्ज करायची असेल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (इंजिनकडून येणारी वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारा) घाला; थेट जोडणी करू नका.

मनीषनगरवासी:

काल बुटीबोरीला जाऊन आलो. डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीवर चुंबक दोनदा हातातून निसटून खाली पडला. मॅटिंगखाली दाराजवळ तळहाताएवढा पत्रा पापडासारखा झालेला होता; बाकी तळ टणक आहे. छत गळले नाही. ठेकेदार पावणेसहावर आला आहे. फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय आणि परमिट जमा झाल्याशिवाय इसाऱ्यापलीकडे एक रुपया देणार नाही, असे त्याला सांगितले. त्याने आठ दिवस मागितले आहेत. सुताराला थांबवले आहे.

निघताना आम्ही मधली दोन आसने त्याच्याकडून काढून घेतली आणि पत्नी सतरंजी टाकून गाडीत आडवी झोपून पाहू लागली. तिला रुंदी बरोबर पुरते. मला मात्र पाय दुमडावे लागतात, त्यामुळे आडवा पलंग बाद झाला. आता लांबीत दोन वेगळे पलंग आणि मध्ये चालायला वाट, असा नकाशा रात्री वहीच्या पानावर काढला आहे. भाऊ, तो घेऊन गुरुवारी वाडीला येऊ का?