मदत हवी आहे : अभयारण्याच्या गेटावर पिकअप अडवतात, बोंडू कुजतोय

डोंगरची_काजी
घाईत लिहितेय. आमची काजूची बाग अभयारण्याच्या हद्दीत येते. इतकी वर्षं हंगामात पिकअप आत यायची, बोंडू (काजूचं फळ) भरायचा, दारूच्या भट्टीवर उतरायचा, विषय संपला. यंदा हंगाम लागला तशी गेटावर गाडी अडवायला लागले. 'वाहनांना बंदी आहे' एवढंच सांगतात. कागद मागितला तर साहेबांना विचारा, साहेब जाग्यावर नाहीत. सकाळी गोळा केलेला बोंडू संध्याकाळपर्यंत पाझरायला लागतो, दुसऱ्या दिवशी आंबूस वास आणि वर चिलटं. काल टोपल्याच्या टोपल्या झाडाखाली ओतून दिल्या.

स्वतःच्या बागेत जायला परवानगी कसली? आणि रविवारी धबधब्याकडे भरभरून गाड्या जातात त्यांना ही बंदी नाही का? नियम माहीत असेल त्याने टाका. उत्तर हवंय, भाषण नको.

फोंड्याचा_कारकून
ताई, गोव्यातलं कुठलं अभयारण्य? म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर, बोंडला, सगळीकडची परिस्थिती वेगळी. मोले नॅशनल पार्क आणखी वेगळं. जागेचा एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सातबारा) कोणाच्या नावावर? दिवसा अडवलं की रात्री? लेखी काही दिलंत का?

डोंगरची_काजी
अभयारण्य आहे, नॅशनल पार्क नव्हे. नाव लिहीत नाही. गाव लहान, गेटावरचा मुलगा पण आमच्याच बाजूचा. बाग आमचीच आहे, आजोबांनी लावलेली. दिवसाढवळ्या अडवतात.

फोंड्याचा_कारकून
'आमचीच' हे उत्तर झालं नाही. आजोबांनी लावली म्हणजे झाडं आजोबांची. जमीन कोणाची?

कुळ्याची_जीप
नमस्कार. दूधसागरला यायचं असेल तर कुळ्याहून आमच्या जीपाच घ्याव्या लागतात, स्वतःची गाडी आत सोडत नाहीत. ओढे ओलांडून जायचं असतं, साधी कार तिथे पोटावर बसते. पावसात बंद, साधारण ऑक्टोबरात सुरू होतं.

डोंगरची_काजी
मला दूधसागरला जायचं नाहीये हो. मला बोंडू बाहेर काढायचाय.

कलम_सत्तावीस
वकील नाही, पण अशा कामात बरीच वर्षं घालवली आहेत म्हणून सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७. अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतो त्याची यादी तिथे आहे : कामावरचा सरकारी नोकर, खात्याने आत राहायला परवानगी दिलेला, हद्दीत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेला माणूस, ह्या तिघांवर अवलंबून असलेले घरचे, आणि सार्वजनिक हमरस्त्याने नुसता पलीकडे जाणारा. बाकी सगळ्यांना कलम २८ चा परवाना. त्यात अभ्यास, फोटो, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार ही कारणं चालतात.

म्हणजे तुमचा हक्क सिद्ध असेल तर तुम्हाला अडवता येत नाही. पण हे झालं माणसाचं. पिकअपचं काय, हे त्या कलमात कुठेच नाही. वाहनाच्या अटी खातं वेगळ्या घालतं आणि तिथेच सगळी गोम आहे. म्हणून विचारतो, पिकअप कोणाची?

पक्षीवेडा_ताळगाव
अप्रिय वाटेल, तरी बोलतो. बंदी घातली असेल तर बरंच झालं. मार्च २०२३ मध्ये म्हादईत आगी लागल्या तेव्हा आम्ही धूर बघितलाय. काजूखालचा पाला जाळून जागा साफ करायची पद्धत कोणाची? अभयारण्यात आग लावणं कलम ३० खाली गुन्हा आहे. काजूची लागवड म्हणजे जंगल नव्हे. गाड्या आत गेल्या की मागून सगळं आत जातं, प्लास्टिक, दारू, बंदुका.

डोंगरची_काजी
साहेब, पाला जाळतात ते हंगामाच्या आधी, आणि आम्ही जाळत नाही, खराट्याने ओढतो. तुमच्या ताळगावात किती रान उरलंय ते आधी मोजा.

पक्षीवेडा_ताळगाव
वैयक्तिक जाऊ नका. मी तुम्ही जाळता असं म्हटलं नाही.

सत्तरीकार
म्हटलं नाही पण सुचवलं. २०२३ च्या आगीचं खापर काजूवाल्यांवर फोडणं सोपं, कारण काजूवाला तिथेच सापडतो. १९९९ मध्ये म्हादई आणि नेत्रावळी जाहीर झाली तेव्हा इथे राष्ट्रपती राजवट होती, राज्यपाल जनरल जेकब. लोक आधीपासून आत राहत होते. जाहीर केल्यानंतर कलेक्टरने चौकशी करून कोणाचा काय हक्क ते ठरवायचं, असं त्याच कायद्याच्या कलम १९ ते २४ मध्ये लिहिलंय. ते काम कित्येक वर्षं रेंगाळलं. हक्क ठरवायचे नाहीत आणि गेटावर मात्र विचारायचं, हक्काचा कागद कुठे?

पक्षीवेडा_ताळगाव
जानेवारी २०२० मध्ये म्हादईतल्या गोळावलीला चार वाघ मेले, त्याबद्दल पण एक ओळ लिहा.

सत्तरीकार
लिहितो. गाई मारल्या गेल्या, भरपाईची वाट बघून लोकांनी विष घातलं. वाईट झालं, गुन्हाच होता. पण वाघाला वाचवायचं तर आत राहणारा माणूस तुमच्या बाजूने हवा की विरुद्ध? जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटल्यापासून आमच्याकडे प्रत्येक घरात हीच धाकधूक, उद्या घराला पण गेट लागणार.

मळेवाली
वाघावर वेगळा धागा काढा. ताई, एक विचारू? बोंडू बाहेर न्यायचाच कशाला? आतच चेपा, निरो (बोंडवाचा रस) कॅनात भरून बाहेर आणा. वजन कमी होतं, पिकअप लागतच नाही, स्कूटरवर दोन कॅन जातात. काजूबी वेगळी सुकवा, ती काही पळून जात नाही.

डोंगरची_काजी
चेपायची जागा भट्टीवर आहे, बाहेर. आत पाणी पुरत नाही. निरो पण उन्हात लवकर फसफसतो. स्कूटरवरून त्या चढावर कॅन घेऊन तुम्हीच या एकदा.

मळेवाली
माझा नवरा न्यायचा. रात्री.

फोंड्याचा_कारकून
रात्रीचं सुचवू नका कोणी. रात्री अभयारण्यात गाडी दिसली तर गाडीही जप्त आणि वर शिकारीचा संशय. कर्नाटकात बंदिपूरमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद आहे, केरळवाले इतकी वर्षं ओरडतायत तरी उघडला नाही. इथे तर कच्चा रस्ता.

बुलेट_कोल्हापूर
आम्ही चौघे एप्रिलमध्ये चोर्ला घाटातून बुलेटवर येतोय. आत कुठे तंबू ठोकता येईल का? परवाना लागतो का?

कलम_सत्तावीस
घाटाचा रस्ता सार्वजनिक आहे, खुशाल या. रस्ता सोडून रानात शिरलात की कलम २७ लागलं. तंबू, चूल, गाणी, सगळं विसरा. ताई, माझा प्रश्न राहिला. पिकअप कोणाची, ड्रायव्हर कोण?

डोंगरची_काजी
भट्टीवाल्याची. ड्रायव्हर त्याचा, बाहेरचा आहे, हिंदी बोलतो. दर वर्षी वेगळा येतो. त्याने काय फरक पडतो? बोंडू आमचाच ना?

कलम_सत्तावीस
सगळा फरक त्यानेच पडतो. तुम्हाला स्वतःला, तुमच्या स्कूटरला कधी अडवलंय?

डोंगरची_काजी
नाही.

कलम_सत्तावीस
मग झालं. तुम्हाला बंदी नाही. बाहेरची व्यापारी गाडी आणि ओळख नसलेला ड्रायव्हर, ह्यांना अडवलंय. गेटावरच्या माणसाच्या जाग्यावर उभं राहून बघा, उद्या त्याच गाडीतून खैराचे ओंडके निघाले तर नोकरी त्याची जाते. आता जमिनीचं सांगा. सनद आहे का?

डोंगरची_काजी
सनद नाही. वनहक्काचा दावा घातलाय, मागेच. आम्ही वेळीप, आदिवासी. पाहणी झाली, ग्रामसभेत मंजूर झाला, पुढे उपजिल्हाधिकाऱ्यांकडे पडून आहे. पोच आहे. हे सगळं कशाला लागतं ते कळत नाही, गाडी सोडायला सातबारा बघतात का कुठे?

फोंड्याचा_कारकून
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर अर्धा धागा वाचला असता.

सत्तरीकार
कारकूनसाहेब, ज्याच्या घरात तीन पिढ्या काजू वेचतात तो 'माझी बाग' असंच लिहिणार. कायद्याच्या भाषेत विचार करायची सवय तुम्हाला, आम्हाला नव्हे.

कलम_सत्तावीस
ही तर उलट चांगली बातमी. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५) : दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. म्हणजे सनद नसली तरी तुमचा ताबा हवेत नाही.

वाहनाबद्दल त्याच कायद्याच्या नियमांत गंमत आहे. २००८ च्या मूळ नियमांत गौण वनोपज (लाकूड सोडून रानातलं बाकीचं) नेण्यासाठी डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढंच लिहिलं होतं. कोणीतरी दिल्लीत बसून ठरवलं असणार की आदिवासी माणूस डोक्यावरूनच नेणार. २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, आता 'योग्य वाहतुकीचं साधन' असे शब्द आहेत, वनक्षेत्राच्या आत आणि बाहेरही. वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या समितीने द्यायचा. लावलेल्या काजूला गौण वनोपज म्हणायचं का, ह्यावर खातं वाद घालेल, आणि तो वाद अगदीच पोकळ नाही. पण तुम्ही तो वाद जिंकायला निघालेला नाहीत, तुम्हाला ह्या हंगामापुरती गाडी आत हवी आहे. अर्जात हे दोन्ही मुद्दे घाला, म्हणजे नाही म्हणणाऱ्याला कारण लेखी द्यावं लागेल.

गोंयकार_पात्रांव
माहिती हक्काखाली बंदीचा आदेश मागवा. आदेशच नसेल तर तोंडावर आपटतील.

मळेवाली
माहिती हक्काला ३० दिवस. तोवर बोंडवाची माती होते, पात्रांव.

गोंयकार_पात्रांव
पुढच्या हंगामाला उपयोगी पडेल की. तत्त्वाचा प्रश्न आहे.

पक्षीवेडा_ताळगाव
मी बंदीच्या बाजूचा असलो तरी एक मान्य. धबधब्याच्या गाड्या आणि काजूची पिकअप ह्यांना एकाच मापाने मोजू नये. पावसात बुडून माणसं मेली तेव्हा २०२३ मध्ये अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी आली, पण ऊन पडलं की सगळं सैल. तिथे रविवारी हॉर्न आणि डीजे. हंगामात ठरलेल्या वेळेला एक ओळखीची पिकअप येऊन गेली तर धनेश पक्ष्याचं काही बिघडत नाही.

सत्तरीकार
हे ताळगावच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. हुर्राक पाजीन, आमची काजूची दारू.

कुळ्याची_जीप
हुर्राक कुठला, सत्तरीचा का? आमच्याकडे यंदा बोंडूच कमी लागलाय, मोहर करपला.

मळेवाली
आमच्याकडे पण. फेब्रुवारीत ढग आले तेव्हाच गेला. यंदा हुर्राकाचा भाव चढणार.

फोंड्याचा_कारकून
भावाचं नंतर. ताई, असं करा. साध्या कागदावर अर्ज, वनक्षेत्रपालांच्या नावे, एक प्रत मुख्य वन्यजीव संरक्षकांना. त्यात गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि लायसनची झेरॉक्स, भट्टीवाल्याच्या परवान्याची झेरॉक्स, दाव्याची पोच, वनहक्क समितीचं पत्र. हंगाम कधी संपतो ती तारीख, रोजची यायची-जायची वेळ. भट्टीवाल्याला सांगा, हंगामभर ड्रायव्हर बदलायचा नाही. आणि साहेब जाग्यावर नसले तरी आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला अर्ज केलेला नसतो. पंचायतीच्या एखाद्या पंचाला बरोबर न्या, बोलायला नव्हे, नुसता बसायला.

डोंगरची_काजी
पंच माझा चुलतदीरच आहे. तो नुसता बसत नाही, तोच बोलतो.

फोंड्याचा_कारकून
मग त्याला बाहेर बसवा.

डोंगरची_काजी
जाऊन आले. साहेब होते. सनद नाही म्हणून आधी वैतागले, समितीचं पत्र आणि ४(५) चं प्रिंट दाखवल्यावर कागद वाचायला घेतले. तोंडी म्हणाले, एकच गाडी, एकच ड्रायव्हर, सकाळी ८ ते संध्याकाळी ५, परत जाताना गेटावर मागचं फळकं उघडून दाखवायचं. लेखी पत्र सोमवारी देतो म्हणाले. आज सोडली गाडी. भट्टीवाला कुरकुरतोय, त्याला ड्रायव्हर काजूच्या दुसऱ्या भागात पण फिरवायचाय.

धबधब्याच्या गाड्यांचं विचारलं तर म्हणाले, ते वरून.

कलम_सत्तावीस
सोमवारी पत्र घेताना वाचून घ्या. 'काजू बोंडू व बी' दोन्ही शब्द हवेत, नाहीतर मे महिन्यात बीची पोती अडवतील. आणि पत्राची प्रत गेटावरच्या वहीत लावायला सांगा, कारण पाळी बदलली की नव्या माणसाला काही माहीत नसतं.

डोंगरची_काजी
बीचं लक्षात नव्हतं आलं. घालायला सांगते. देव बरें करूं सगळ्यांचं.

बुलेट_कोल्हापूर
तंबूचं नक्की नाही ना? आणि हा हुर्राक घाटात कुठे मिळतो?