खाजगी शाळेची शिष्यवृत्ती : निवड नेमकी कशावर होते? (तासगाव–सांगली)

द्राक्षपट्टा
मुलगी तासगाव तालुक्यात सातवीत आहे, मराठी माध्यम. सांगलीतली एक खाजगी शाळा आठवीपासून गुणवत्ता आणि गरज दोन्ही बघून शिष्यवृत्ती देते. पत्रकात एवढंच आहे : लेखी परीक्षा, मुलाखत, उत्पन्नाचा दाखला, ‘समितीचा निर्णय अंतिम’. गुणांना किती वजन, उत्पन्नाला किती? आणि बागायतदाराचं उत्पन्न धरतात कसं? दाखल्यावर एक आकडा, पासबुकात दुसराच.

छाननीवाला
आधी एकच गोष्ट विचारा : गुण आणि उत्पन्न एकत्र बेरजेत धरता, की आधी गुणांची चाळणी लावून मग उत्पन्न बघता? सगळा निकाल त्यावर फिरतो.

समजा परीक्षेला ७० टक्के वजन आणि गरजेला ३० गुण. उत्पन्न एक लाखाच्या आत ३०, एक ते दोन लाख २०, दोन ते तीन लाख १०. एका मुलाला परीक्षेत ८२, घरचं उत्पन्न २ लाख ८० हजार : ५७.४ अधिक १० म्हणजे ६७.४. दुसऱ्याला ६८, उत्पन्न ९० हजार : ४७.६ अधिक ३०, म्हणजे ७७.६. दुसरा पुढे. तेच शाळेने आधी ७० गुणांची चाळणी लावली, तर हा दुसरा उत्पन्नाचा कागद उघडायच्या आतच बाहेर. मुलं तीच, गुण तेच.

असल्या टप्प्यांची आणखी एक गोम. उत्पन्न १ लाख ९९ हजार आणि २ लाख १ हजार यांत फरक दोन हजारांचा, पण गरजेचे १० गुण जातात. ते भरून काढायला परीक्षेत १४-१५ गुण जास्त लागतात. काटेकोर समित्या म्हणूनच टप्पे न ठेवता उत्पन्न घरातल्या माणसांनी भागतात. तुमच्याकडे आजी-आजोबा धरून सहा-सात माणसं असतील तर रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत ना, ते आत्ताच बघा.

लेखी परीक्षेत मराठी माध्यमाची मुलं गणितात अडकतात ती गणितामुळे नाही, शब्दांमुळे. लसावि-मसावि तोंडपाठ असतो, एलसीएम-एचसीएफ वाचलं की हात थांबतो. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत मिळते का, हे अर्ज भरतानाच विचारा. नसेल तर सातवीच्या गणित-विज्ञानातले शंभरेक शब्द इंग्रजीतून करून घ्या, महिनाभरात होतात.

मुलाखतीत पाठ केलेली ओळख कुणी ऐकत नाही. छोटा उतारा किंवा आलेख देतात आणि ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणतात. मराठीत उत्तर चालेल का, हे मुलीनेच विचारावं. त्याने गुण जात नाहीत.

सेतूसमोर
उत्पन्नाचं मी सांगतो, कारण अर्ज बाद होतात ते बहुतेक इथेच.

तहसीलदारांचा दाखला एक वर्षाचा मिळतो, तीन वर्षांचाही मिळतो. द्राक्षाला तीन वर्षांचाच घ्या. एका वर्षी माल चांगला गेला आणि पुढच्या वर्षी अवकाळीने घड कुजले, तर एका वर्षाचा आकडा काहीच सांगत नाही. रेशनकार्ड, आधार, सातबारा, आठ अ, तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र लागतं. घरात कुणी नोकरीला असेल तर फॉर्म १६.

तारखेची चूक फार होते. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला अर्जाला चालतो, जूनमधल्या पडताळणीला चालत नाही. पुन्हा काढावा लागतो, आणि मे-जूनला सेतूत ही गर्दी.

पासबुकातला फरक लपवू नका, मांडा. व्यापाऱ्याचे सहा लाख एकरकमी जमा दिसतात, पण औषधं, खतं, मजुरी, सोसायटीचं पीककर्ज त्यातूनच गेलेलं असतं. औषध दुकानाची बिलं आणि विकास सोसायटीचा कर्जउतारा जोडून एका पानावर जमा-खर्च लिहा. ऊसवाल्यांनीही तेच करावं, कारखान्याचे हप्ते वेगवेगळ्या महिन्यांत पडतात आणि समितीतल्या शहरी माणसाला ते महिन्याचे पगार वाटतात!

विटा-आटपाडी-खटावकडची गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) व्यवसायातली घरं वाचत असतील तर : माणूस परराज्यात आणि दाखला गावातल्या शेतीवर, हे समितीची माणसं घरी भेट देतात तेव्हा उघडं पडतंच. तिकडची कमाई स्वतःहून लिहा. कमी आकड्याने जेवढे अर्ज पडत नाहीत, तेवढे न जुळणाऱ्या आकड्यांनी पडतात. दारातला ट्रॅक्टर कर्जाचा असेल तर हप्त्याचा कागद भेटीच्या वेळी हाताशी ठेवा.

द्राक्षपट्टा
छान माहिती. आत्ताची शाळाही खाजगी संस्थेचीच आहे, पण अनुदानित. बदलताना काही अडचण?

कराडचे मास्तर
अडचण आहे, आणि हीच कुणी सांगत नाही. अनुदानित शाळेत राहिली तर आठवीत एनएमएमएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) बसता येतं. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५०). निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देताच येत नाही. म्हणजे ‘खाजगी’ या शब्दावर जाऊ नका, नव्या शाळेला अनुदान आहे का ते विचारा.

मराठा-कुणबी असाल तर, एनएमएमएस उत्तीर्ण होऊनही निवड यादीत नाव नसलेल्यांना सारथीची (मराठा-कुणबी समाजासाठीची राज्य सरकारची संस्था) छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००. तीही विनाअनुदानित शाळेत गेलं की हातची गेली.

दुसरं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ : चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला प्रवेश देताना चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्यांदा २५,००० पर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. (अल्पसंख्याक संस्था या कायद्याबाहेर आहेत.) तेव्हा शाळेची परीक्षा फीसवलतीपुरतीच असायला हवी. ‘परीक्षेत नापास, म्हणून प्रवेश नाही’ असं सांगितलं तर ते लेखी मागा.

छाननीवाला
मास्तरांचा मुद्दा धरून हिशोब करा. शिष्यवृत्ती बहुधा फक्त शिकवणी फीची असते. बस, गणवेश, पुस्तकं, सहल आणि सत्र फी त्यात धरलीय का, हे निवडपत्रावर आकड्यांत लिहून घ्या. दर वर्षी चालू राहायला किती टक्के लागतात, एका सत्रात गुण घसरले तर लगेच बंद की एक संधी, आणि मध्येच शाळा सोडली तर दिलेली सवलत परत मागणार का, हेही त्याच पत्रावर. तासगाव–सांगली बसचे दहा महिन्यांचे पैसे वजा करून उरतं ते खरं.

द्राक्षपट्टा
सोमवारी शाळेत जाऊन आधी अनुदानाचं विचारतो, मग चाळणीचं. तीन वर्षांच्या दाखल्याचा अर्ज एप्रिल लागला की लगेच.