डबा, साडी, पत्र: हल्ल्यांत गेलेल्या आपल्या माणसांच्या वस्तू

21 ऑगस्ट हा दहशतवादाला बळी पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला, 2018 पासून पाळला जातो. गोव्यातल्या कितीतरी घरांची निम्मी माणसे मुंबई-पुण्याला, म्हणून विचारते: अशा हल्ल्यात गेलेल्या तुमच्या माणसाची कुठली वस्तू तुमच्याकडे आहे? ते माणूस ती कसे वापरायचे, ते लिहा. कसे गेले, हे आपण पुष्कळ वाचले आहे.

मी सुरुवात करते. आमच्याकडे मामाचा जेवणाचा डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. झाकणावर मामीच्या वडिलांचे नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले, शेवटची दोन अक्षरे घासून घासून पुसट झालेली. 11 जुलै 2006 ला संध्याकाळी 6.24 पासून अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, फर्स्ट क्लासमध्ये स्फोट झाले. 180 हून अधिक माणसे गेली. माहीमला स्फोट झाला त्या गाडीत मामा होता.

डबा पंचनामा होऊन महिन्याभराने घरी आला. मधला कप्पा चेपलेला, तळाशी भेंडीच्या भाजीचे तेल वाळलेले. मामीने तो दोन वर्षे माळ्यावर ठेवला. तिसऱ्या वर्षी गणेश चवथीला म्हापशाला आली ती त्यात करंज्या घेऊन. आईने निघताना नेवऱ्या भरून दिल्या, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून. तेव्हापासून तो बोरिवली-म्हापसा फिरतोच आहे. चेपलेला कप्पा मामीने ठोकून घेतला नाही. त्यात फक्त लोणचे मावते, तेवढेच घालतो.

21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्या दिवशी मामीला फोनवर फोन. निकालाबद्दल सगळ्यांनी विचारले, मामाबद्दल एकानेही नाही. रात्री तिने आईला फोन लावला आणि ‘ह्यांना भेंडी कुरकुरीतच लागायची’ इथपासून अर्धा तास बोलत राहिली.

पेडणे
मावशीची साडी. 26 नोव्हेंबर 2008. दुसऱ्या दिवशी अमावास्या, मग मार्गशीर्ष, गावची जत्रा. मावशी आणि काका रात्रीच्या कोकणकन्येसाठी सीएसटीला येऊन बसले होते. काका पाणी आणायला लोकलच्या बाजूला गेले आणि गोळीबार सुरू झाला. उद्घोषक विष्णू झेंडे माईकवरून लोकांना बाहेर पडायला सांगत होते, तो आवाज ऐकून काका गर्दीबरोबर बाहेर ढकलले गेले. मावशी लांबच्या गाड्यांच्या हॉलमध्ये सामानाजवळ होती. त्या हल्ल्यांत 166 माणसे गेली, तिच्यासारखी नुसती गाडीची वाट बघणारी त्यांत कितीतरी.

बॅग परत मिळाली. आत देवीच्या ओटीची हिरवी साडी, दुकानाच्या घडीतच. घरात वाद झाला, अशा बॅगेतली साडी देवीला चालेल का? आजी म्हणाली, ‘आणलेली तिने आहे, नवस तिचा आहे. ओटी हीच.’ सुतक फिटल्यावर तिनेच भरली. पुढे प्रसाद म्हणून ती साडी आमच्याकडे आली. जत्रेच्या दिवशी घरातली एक बाई ती नेसते. गेल्या वर्षी माझी पाळी होती. काठाला अजून डांबराच्या गोळीचा वास आहे.

मडगाव
माझ्याकडे एक अंतर्देशीय पत्र आहे. मित्र शेअर बाजाराजवळच्या एका ऑफिसात कारकून होता. 12 मार्च 1993, शुक्रवार, दुपार. मुंबईत त्या दिवशी बॉम्बस्फोटांत 257 माणसे गेली. पत्र चार दिवसांनी पोचले. ‘मे महिन्यात येतो, मानकुराद आंबे राखून ठेव.’ अक्षर वाईट, कायम तसेच. आणखी काही लिहिण्यासारखे नाही. मे महिन्यात मी ते बाहेर काढतो.

वास्को
खरे सांगायचे तर आमच्याकडे वस्तू नाही. दादा 13 फेब्रुवारी 2010 ला पुण्यात जर्मन बेकरीत होता. तिथल्या स्फोटात सतरा जण गेले. आईने वर्षाच्या आत त्याचे कपडे, पुस्तके, हेल्मेट, सगळे देऊन टाकले. ठेवले तर घरात चालता येणार नाही, म्हणाली. मला तेव्हा राग आला होता, आता नाही. प्रत्येक घराने जपलेच पाहिजे असे मला वाटत नाही.

पण दादाने पुण्याहून गवती चहाचा एक ठोंब आणला होता. तो परसात विहिरीच्या बाजूला माजला आहे. आई रोज सकाळी दोन पाती कात्रीने कापते, बोटांवर गुंडाळते आणि गाठ मारून आधणात टाकते. गाठ मारायची सवय दादाची. सुटी पात गाळणीत अडकते, म्हणायचा.

डिचोली
मी शिक्षिका आहे. घरात असे कुणी गेलेले नाही, तरी लिहिते. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसे मारली गेली, तेव्हा वर्गातली मुले आकडाच बोलत होती. यंदा त्यांना विचारणार आहे की, तुमच्या दप्तरातली एक वस्तू दाखवा, जी बघून आई तुम्हाला ओळखेल. वास्कोच्या ताई, गवती चहाची गोष्ट मुलांना सांगितली तर चालेल का?

वास्को
सांगा. आईला विचारले. ती म्हणते, गाठ कशी मारायची तेही दाखवा.

म्हापसा
पेडण्याच्या बाई, साडीचे आईला वाचून दाखवले. डबा सध्या आमच्याकडेच आहे. भाऊ शनिवारी बोरिवलीला जातो आहे. आई खालच्या कप्प्यात नेवऱ्या भरते आहे, वरच्यात भेंडी, कुरकुरीत तळलेली.